विश्लेषण : लेबल प्रिंटर स्वस्त, पण अक्षर टिकणार किती?

लातूरच्या गंजगोलाईतील किराणा दुकान असो की तूरडाळीची पाकिटे भरणारा छोटा व्यावसायिक, लेबल प्रिंटर घेताना आधी किंमत विचारली जाते. खरा प्रश्न वेगळा आहे : हे लेबल किती दिवस वाचता आले पाहिजे?

फरक काय?

डायरेक्ट थर्मल प्रिंटरला शाई लागत नाही, रिबनही नाही. उष्णतेने काळा पडणाऱ्या खास कागदावर तो छापतो. मात्र ऊन, उष्णता आणि घासण्याने हीच छपाई बिघडते. थर्मल ट्रान्सफर प्रिंटर रिबनवरील शाई वितळवून लेबलवर उतरवतो. रिबनचा खर्च वाढतो, पण अक्षर टिकते. कागदी लेबलला मेणाची रिबन पुरते. प्लॅस्टिकच्या लेबलला रेझिनची घ्यावी.

कोणता घ्यावा?

सुटा माल तोलून लावायची चिठ्ठी किंवा कुरिअरचे लेबल चार दिवसांचे असते. तिथे डायरेक्ट थर्मल पुरेसा. डाळीचे पाकीट मात्र महिनोन्महिने फळीवर राहते आणि मे महिन्यात लातूरचा पारा ४० अंशांपुढे जातो. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा महिना-वर्ष ठळक आणि सुवाच्य हवे. किंमत-तारीख फिकी पडली, तर ग्राहक पाकीट परत ठेवतो आणि निरीक्षकापुढे व्यावसायिकच अडचणीत येतो. अशा मालाला थर्मल ट्रान्सफरच घ्यावा. रिबनवर वाचवलेले पैसे येथे महागात पडतात.