सातबाऱ्यावर चार, ताब्यात सव्वातीन

रॅमची पट्टी विकत घेणारा तिच्यातल्या प्रत्येक मेगाबाइटचे पैसे मोजतो. त्यातला काही भाग मशीनला वापरताच येणार नसेल आणि हे त्याला आधी कुणी सांगितलं नसेल, तर त्याची फसवणूक झाली. मी याला दुसरं नाव देणार नाही. संगणकाचा धंदा मात्र गेली वीस वर्षं याला ‘तांत्रिक मर्यादा’ म्हणतो आणि गिऱ्हाईक मान डोलावून घरी जातं.

इंटेलचा ९४५ चिपसेट २००५ साली आला. त्याच्यावर बेतलेल्या बोर्डांच्या खोक्यांवर कमाल मेमरी ४ जीबी असं छापलेलं असे. लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या असेंबलवाल्यांकडे असे बोर्ड वर्षानुवर्षं विकले गेले. ज्यांनी खोक्यावर विश्वास ठेवून ४ जीबी भरली, त्यांना विंडोजने दाखवली सव्वातीन. मोठं ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल तर त्याहून कमी. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘तुमची विंडोज ३२ बिट आहे ना, म्हणून. फॉरमॅट मारून ६४ बिट टाकून देतो.’ फॉरमॅटचे पैसे घेतले, डेटा इकडचा तिकडे झाला, ६४ बिट विंडोज बसली. आकडा हलला नाही.

हलणार कसा? ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बसतात. एका बाइटला एक पत्ता धरला तर झाले नेमके ४ जीबी. पण प्रोसेसर रॅमशी बोलतो तसाच ग्राफिक्स कार्डाशी, नेटवर्क कार्डाशी, बायोसच्या चिपशीही पत्त्यांतूनच बोलतो, आणि या सगळ्यांना जागा दिली जाते ती ४ जीबीच्या रेषेच्या अगदी खाली. तिथले पत्ते त्यांनी घेतले की तेवढ्या रॅमला पत्ताच उरत नाही. सातबाऱ्यावर चार एकर, मधून रस्ता गेला, ताब्यात सव्वातीन, आणि मोबदला शून्य. यावर उपाय आहे, तो साधा आहे आणि त्याला रीमॅपिंग म्हणतात: जी रॅम या उपकरणांच्या पत्त्यांखाली दबली, तिला ४ जीबीच्या वरचे पत्ते द्यायचे. त्यासाठी चिपसेटला ३२ बिटांपलीकडे पत्ता देता यायला हवा. ९४५ला तो देता येत नव्हता. प्रोसेसर ६४ बिट असो, विंडोज ६४ बिट असो, लिनक्स असो, मधला दरवान हद्दीबाहेरचा पत्ता ओळखतच नव्हता. पुढच्याच वर्षी आलेल्या ९६५ चिपसेटने हे केलं आणि ८ जीबीपर्यंत मजल मारली.

म्हणजे निसर्गनियम आड आला नव्हता. इंटेलच्याच पेंटियम प्रोने १९९५ साली ३६ बिटांचे पत्ते आणले होते, ६४ जीबीपर्यंतचे. सर्व्हरच्या बोर्डांवर ही सोय होती, कारण सर्व्हर घेणारी कंपनी करार वाचते आणि कमी पडलं तर वकील पाठवते. घरच्या गिऱ्हाइकाकडून ती भीती नव्हती. तिथे काटकसर झाली, आणि खोक्यावर ४ जीबी छापताना ‘यातली काही वापरता येणार नाही’ ही ओळ मोठ्या अक्षरांत आली नाही. माहितीपुस्तिकेच्या तळटिपेत ती असेल. खोकं सीलबंद असतं आणि तळटीप पैसे दिल्यावर हाती पडते.

मायक्रोसॉफ्टला मी यातून सोडत नाही. एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ३२ बिट विंडोजने घरगुती आवृत्त्यांमध्ये ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांकडे मुद्दाम पाठ फिरवली. कारण त्यांच्याच मार्क रुसिनोविच यांनी २००८ साली उघडपणे लिहिलं: बाजारातल्या उपकरणांचे ड्रायव्हर असे पत्ते पाहून कोसळत होते. कारण खरं आहे आणि मी ते मान्य करतो. कोसळणाऱ्या मशीनपेक्षा कमी मेमरीचं मशीन बरं. पण त्याच काळात ३२ बिटांचीच विंडोज सर्व्हर २००३ एंटरप्राइझ ३२ जीबी वापरत होती आणि लिनक्स त्याच प्रोसेसरांवर ६४ जीबीपर्यंत जात होतं. जमत होतं, घरच्यांसाठी करायचं नाही असं ठरलं होतं. बरं, ठरलं तर ठरलं. मग गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. त्याऐवजी व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकने काय केलं? तोवर सिस्टिमच्या खिडकीत वापरता येणारी मेमरी दिसत होती, ती काढून तिथे बसवलेली मेमरी दाखवायला सुरुवात केली. रॅम तेवढीच, आकडा मात्र ४. तक्रारीचा पुरावाच पडद्यावरून पुसला. विंडोज ७मध्ये खरा आकडा कंसात परत आला, म्हणजे तो दाखवणं कधीच अशक्य नव्हतं.

या दडवादडवीतून जे पीक आलं, ते मला सर्वांत जास्त चीड आणतं. मी एका शाळेच्या संगणक कक्षाला मदत करतो. तिथे देणगीच्या पैशातून जुन्या यंत्रांची मेमरी वाढवून घेतली आणि ती पूर्ण दिसेना. पुरवठादाराने आधी बूटच्या फाइलमध्ये ३जीबीचा स्विच घालायला सांगितला. तो स्विच प्रत्येक प्रोग्रामच्या आभासी पत्त्यांची वाटणी बदलतो, हरवलेल्या रॅमशी त्याचा काडीचा संबंध नाही. मग एमएसकॉन्फिगमधल्या ‘मॅक्सिमम मेमरी’च्या चौकोनात खूण करायला सांगितली. त्या खुणेने मेमरी फक्त कमी करता येते, वाढवता येत नाही. मग पट्टीचे दात खोडरबराने पुसा म्हणाला. शेवटी नवीन विंडोज. चारपैकी एकाही उपायाने चिपसेटची मर्यादा बदलणार नव्हती आणि पुरवठादाराने बोर्डाचा नंबर एकदाही विचारला नाही. मेमरी विकणाऱ्याने मेमरी विकण्याआधी बोर्डाचा नंबर विचारू नये, हा गुन्हा आहे. देणगीचे पैसे गेले, मुलांना मिळालं काहीच नाही.

‘जुनं उकरून काय उपयोग’ म्हणणाऱ्यांनी आजचा बाजार पाहावा. मेमरीचा कंट्रोलर आता प्रोसेसरमध्येच असतो. एएमडीने तो २००३ साली आत घेतला, इंटेलने २००८ साली. विंडोज ११ ३२ बिटांत निघतच नाही. जुन्या सबबी संपल्या, वृत्ती तशीच राहिली. ८ जीबी म्हणून विकलेला, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप उघडा, टास्क मॅनेजरमध्ये ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ हा आकडा पाहा. काही यंत्रांत तो २ जीबीच्या घरात असतो. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला मेमरी लागते, हे कबूल. पण ती किती द्यायची हे ठरवण्याचा पर्याय अनेक लॅपटॉपांच्या बायोसमधून काढून टाकलेला असतो, आणि जाहिरातीत ८च छापलेले असतात. कित्येकांत मेमरी बोर्डालाच डकवलेली असते, म्हणजे वाढवायचा रस्ताही बंद. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीसाठी हप्त्यावर लॅपटॉप घेणाऱ्या बापाला हे कोण सांगतं?

डेस्कटॉपवालेही सुटलेले नाहीत. डीडीआर५च्या बोर्डावर चार खाचे दिसतात, म्हणून माणूस चार पट्ट्या भरतो. रायझन ७०००च्या बाबतीत एएमडीचीच अधिकृत गती दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना ३६०० आहे. मेमरी पूर्ण दिसेल, पण पैसे ज्या वेगाचे मोजले तो वेग मिळेलच याची हमी नाही. खोक्यावर मात्र भलामोठा आकडा झळकतो तो ओव्हरक्लॉकचा, आणि ‘ओसी’ ही दोन अक्षरं शेजारी मुंगीएवढी.

२०२३ साली २४ आणि ४८ जीबीच्या पट्ट्या आल्या तेव्हा अनेक बोर्डांची मर्यादा नुसत्या बायोसच्या नव्या फाइलने १२८वरून १९२ जीबीवर गेली. ज्यांनी ती फाइल दिली त्यांचं मी कौतुक करतो. पण मग दोन-तीन वर्षांत बायोस द्यायचं बंद करणाऱ्यांचं काय? बोर्ड तोच, तांबं तेच, आणि मेमरी नाकारली जाते कारण कुणाला एक फाइल तयार करायची नाही. त्याहून वाईट म्हणजे परवान्याचं कुलूप: विंडोज ७ होम बेसिकला ८ जीबी, होम प्रीमियमला १६, आणि आज विंडोज ११ होमला १२८. यंत्रात १९२ जीबी बसवा, होम आवृत्ती वरची ६४ वापरणार नाही. त्यांना हात लावायचा तर प्रो विकत घ्या. इथे ड्रायव्हर कोसळण्याची सबबसुद्धा नाही.

अमेरिकेत लोकांनी हे चालवून घेतलं नाही. एनव्हिडियाने २०१४ साली जीटीएक्स ९७० हे ४ जीबीचं कार्ड विकलं. त्यातला शेवटचा अर्धा जीबी संथ वाटेवर होता आणि ते आधी सांगितलेलं नव्हतं. गिऱ्हाइकं कोर्टात गेली आणि २०१६ साली कंपनीने प्रत्येक खरेदीदाराला ३० डॉलर द्यायचं कबूल केलं. रक्कम मोठी नाही. पण ४ म्हणून विकलेले ४च असले पाहिजेत, या तक्रारीची किंमत कंपनीला मोजावी लागली.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीची जी व्याख्या केली, तिच्यात महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. ८ जीबीतली किती मेमरी मालकाच्या हाती लागणार, ही माहिती महत्त्वाची नसेल तर कुठली असते? माझी मागणी अशी की बोर्डाच्या आणि लॅपटॉपच्या खोक्यावर, जिथे जीबीचा आकडा असतो तिथेच आणि तेवढ्याच अक्षरांत, वापरता येणारी मेमरी, सगळे खाचे भरल्यावरची गती आणि बायोस किती वर्षं मिळणार, हे छापणं सक्तीचं करावं. रीमॅपिंगचा पर्याय बायोसमध्ये असेल तर तो कारखान्यातूनच चालू यावा. ऑनलाइन विकणाऱ्या पानांनाही हाच नियम लागू असावा.

तोवर बिलावर मॉडेलचा पूर्ण नंबर लिहून घ्या. पहिल्याच दिवशी टास्क मॅनेजरचा फोटो काढा आणि खोकं फेकू नका. आकडा जुळला नाही तर आधी दुकानदाराला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही.