अंगणातील कंद आणि वैद्याचे दायित्व

चैत्र-वैशाखात जमिनीतील कंद निद्रिस्त असतात. कुंड्या उपसाव्यात, माती बदलावी, जादा झालेले कंद स्नेह्यांना वाटावेत, असा हा काळ. गेली अनेक वर्षे चिकित्सालयामागील लहानशा अंगणात आम्ही हा छंद जोपासला आहे. कळलावी, रानकांदा, सुदर्शन, गडांबीकांदा, काळी मुसळी, सफेद मुसळी अशी मंडळी तेथे नांदतात. छंदाची गोष्ट शास्त्रीय त्रैमासिकात कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. परंतु या छंदाने आम्हांस जे शिकविले, त्याचा संबंध आपल्या व्यवसायाच्या मुळाशी आहे, अशी आमची धारणा झाली आहे.

प्रथम आमचा प्रमाद सांगणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी आम्ही एका व्यवसायबंधूंना कळलावीचे चार कंद कापडी पिशवीत घालून दिले. पिशवीवर चिठ्ठी नव्हती. वैद्याच्या घरी कळलावी कोणास ओळखावयास नको, हा आमचा समज. पिशवी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात राहिली. दोन दिवसांनी सूनबाईंनी कणगी समजून ते कंद उकडावयास काढले. सुदैवाने घरातील वृद्ध मातोश्रींनी तो नांगराच्या आकाराचा, दुबेळक्याचा कंद पाहिला आणि पातेले चुलीवरून उतरविले. कळलावीतील कोल्चिसीन किती घातक आहे, तीव्र वमन-विरेचनापासून सर्व अवयव निकामी होण्यापर्यंत त्याची मजल कशी जाते आणि त्यावर हुकमी उतारा नाही, हे वाचकांस सांगणे न लगे. त्या घरात पदवीधर वैद्य होते, तरी कंद ओळखला तो मातोश्रींनी. दोष सर्वस्वी आमचा होता. चिठ्ठी लिहिण्यास अर्धे मिनिट पुरले असते.

या प्रसंगाने आम्ही अंतर्मुख झालो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या प्रथम अध्यायात गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांना औषधींचे नाम आणि रूप ज्ञात असते असे म्हटले आहे आणि त्यांचा योग जाणणाऱ्यास त्याहून श्रेष्ठ मानले आहे. आज आपणांपैकी अनेकांस योग मुखोद्गत आहेत. रूपाचा मात्र परिचय नाही. द्रव्य आपल्यापर्यंत येते ते चूर्ण, वटी वा वाळलेल्या तुकड्यांच्या रूपात. कंदवर्गीय द्रव्यांत ही उणीव विशेष बाधते, कारण वाळलेला कंद आपली ओळख लपवितो. ती ओळख फुलात असते, आणि फूल वर्षातून काही दिवसच दिसते.

रानकांद्याचेच पाहा. ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना, उघड्या जमिनीतून त्याचा उंच दांडा वर येतो. फुले सायंकाळी उमलतात व फार थोडा काळ टिकतात. पाने येतात ती पावसाळ्यात, तेव्हा फुलांचा मागमूसही नसतो. वर्षभर कुंडी सांभाळणाऱ्यास ही दोन्ही रूपे एकाच कंदाची आहेत हे कळते. एकदाच रानात फिरून येणाऱ्यास ती दोन वनस्पतींची वाटतील. हृदयावर कार्य करणारी तीव्र द्रव्ये या कंदात असल्याने येथील चूक क्षुल्लक राहत नाही.

नामसाम्याचाही घोटाळा आहेच. सुदर्शनाच्या पानांचा रस कानदुखीवर घरोघरी वापरला जातो. पण सुदर्शन चूर्णाशी या कंदाचा संबंध नाही, तेथे प्रधान द्रव्य काडेचिराईत आहे. सफेद मुसळी आणि काळी मुसळी या नावाने बहिणी, परंतु फुलल्यावर एकीची फुले पांढरी, दुसरीची पिवळी ताऱ्यासारखी, जमिनीलगत. बोरिवलीच्या नावाने ओळखली जाणारी सफेद मुसळीची जाती आणि तिच्या सजातीय इतर रानमुसळ्या बाजारात एकाच नावाने विकल्या जातात. दोन कुंड्या शेजारी ठेवून त्या चार ऋतू पाहिलेल्या औषधनिर्मात्यास पुरवठादाराशी बोलताना निराळाच आत्मविश्वास येतो, हा आमचा अनुभव आहे.

या छंदाने दुसरी गोष्ट शिकविली ती वाढीच्या संथपणाची. कळलावीचा जुना कंद दर पावसाळ्यात झिजून जातो आणि त्याच्या जागी नवा दुबेळक्याचा कंद तयार होतो. प्रत्येक शाखेच्या टोकाशी एकच डोळा असतो. तो दुखावला तर ती शाखा उगवत नाही. म्हणजे सर्व काही सुरळीत झाले तरी एकाचे दोन, तेही वर्षाने. बियांपासून लावल्यास फुलासाठी काही वर्षे वाट पाहावी लागते. हे आम्हांस कुंडीत कळले, तेव्हा आमच्या विद्यार्थीदशेतील वनौषधी सहली आठवल्या. प्रत्येकाच्या संग्रहवहीत कंदासह नमुना हवा, म्हणून एकाच उतारावरून आम्ही सर्वांनी कुदळीने कंद उपसले होते. गुण मिळाले, वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. तो उतार पूर्ववत होण्यास किती पावसाळे लागले असतील, हा प्रश्न त्या वेळी कोणाच्या मनात आला नाही. महाविद्यालयांनी कंदवर्गीय वनस्पतींचे नमुने पान, फूल व छायाचित्र एवढ्यावरच स्वीकारावेत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. छंद म्हणून दुर्मिळ कंद गोळा करणारेही रानाची लूट करीत नाहीत काय? दुर्मिळ म्हटले की हव्यास वाढतो, हे सत्य आहे. म्हणूनच आम्ही मर्यादा घालून घेतली आहे. पश्चिम घाटाच्या मोजक्या पठारांवर व उतारांवरच आढळणाऱ्या क्रायनम वा दीपकाडी यांच्या प्रदेशनिष्ठ जाती आमच्या अंगणात नाहीत आणि नसाव्यात. त्यांचे स्थान कातळावरच. त्यांची जोपासना वनस्पतिशास्त्रज्ञांनी व वनस्पति-उद्यानांनी करावी. आपण तेथे जावे ते पाहण्यासाठी. २००२ च्या जैवविविधता अधिनियमात वैद्य-हकिमांस काही मोकळीक होती. २०२३ च्या दुरुस्तीने त्यात नोंदणीकृत आयुष चिकित्सकांचाही स्पष्ट उल्लेख आला. परंतु कायद्याने दिलेली मोकळीक म्हणजे कुदळ चालविण्याचे आमंत्रण नव्हे.

औषधनिर्मात्या बंधूंसाठीही दोन शब्द. कुंड्यांतून कारखान्याची गरज भागेल, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. ती शेतकऱ्यांच्या लागवडीतूनच भागेल. तमिळनाडूत कळलावीची शेती बियांसाठी होते, हे उदाहरण समोर आहे. मात्र २००० नंतरच्या काही वर्षांत सफेद मुसळीच्या लागवडीची जी लाट आली, तिचे स्मरण ठेवावे. महागडे बेणे आणि पुनर्खरेदीची आश्वासने यांवर विसंबून अनेक शेतकरी पुढे आले, आणि माल तयार झाला तेव्हा घेणारा नाहीसा झाला. शुद्ध बेणे व खात्रीचा ग्राहक या दोन्ही गोष्टी औषधनिर्मात्याने स्वतः उभ्या केल्याशिवाय लागवड टिकत नाही. त्यासाठी कारखान्याच्या आवारात ओळख पटलेल्या मातृकंदांचा एक वाफा असावा. आलेला माल पडताळण्यास आणि शेतकऱ्यास अस्सल बेणे देण्यास तो उपयोगी पडेल.

वाटपाविषयी आम्ही पाळीत असलेले नियम येथे नमूद करतो. रानातून खणलेला कंद घेऊ नये व देऊ नये. कुंडीत वाढलेल्या कंदाचाच जादा भाग द्यावा. फुलल्यावर ओळख निश्चित झाल्याखेरीज कोणताही कंद वाटू नये. प्रत्येक कंदासोबत न पुसणाऱ्या शाईने मराठी, संस्कृत व शास्त्रीय नाव आणि कोणाकडून, कोणत्या वर्षी आला हे लिहावे. लांगलीची गणना उपविषांत आहे आणि औषधिद्रव्य नियमांच्या ई(१) परिशिष्टातही तिचा समावेश आहे. तेव्हा तिच्यासारख्या कंदांवर ‘विषारी’ हा शब्द ठळक असावा आणि ते स्वयंपाकघरापासून दूर, कुलुपात ठेवावेत. घरात लहान मूल असेल तर ते देऊच नयेत. घेणाऱ्याने दोन पावसाळ्यांनंतर एक कंद तिसऱ्यास द्यावा, एवढीच त्याची किंमत. अंगणातील विषारी कंदाचा औषधात स्वतः प्रयोग करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. शोधन, प्रमाण व प्रमाणीकरण यांचा मार्ग वेगळा आहे.

कळलावी दारी लावली की घरात कळ लागते, असा एक समज रूढ आहे. त्याच फुलांना कोकणात ‘गौरीचे हात’ म्हणून भाद्रपदात पूजेचा मान मिळतो. आमच्या हातून त्या घरात कळ लागण्याची वेळ आली होती, ती वनस्पतीमुळे नव्हे, न लिहिलेल्या चिठ्ठीमुळे. त्या व्यवसायबंधूंनी पुढे ते कंद टाकून दिले नाहीत. चिठ्ठी लावून, कुंपणाच्या आत त्यांनी ते लावले. गेल्या वर्षी त्यांच्याकडून एक कंद परत आमच्याकडे आला. त्यावर नाव, वर्ष आणि तांबड्या अक्षरांत सूचना होती. अक्षर मातोश्रींचे होते. संघटनेच्या प्रत्येक शाखेने येत्या वैशाखात अशा चिठ्ठीबद्ध कंदांची देवघेव एकदा करून पाहावी, ही विनंती.