शून्य पावलांचे तीन दिवस

माझ्या मनगटावर गेली काही वर्षं एक मुकी मास्तरीण बसलेली आहे. तिचं बाजारातलं नाव फिटनेस बँड. साखर काठावर आली आहे, असं डॉक्टरांनी मला सांगितलं, त्याच आठवड्यात मुलीने तो माझ्या हाताला बांधला आणि माझी रोजची पावलं तिच्या फोनवर दिसतील अशी व्यवस्थाही करून टाकली. रात्री नऊला आकडा कमी दिसला की आतल्या खोलीतून हाक येते, "बाबा, चपला घाला!" जन्मभर दुसऱ्यांची हजेरी घेणाऱ्या प्राध्यापकाची हजेरी घेणारं कुणीतरी निघालं, याचा आमच्या घरात सर्वांनाच आनंद झाला.

ही मास्तरीण फार हुशार असेल अशी माझी समजूत होती. ती लवकरच गेली. हाताच्या हेलकाव्यांवरून ती पावलं ताडते, एवढंच. त्यामुळे त्या हातात जड पिशवी धरून मंडईतून आलो, तर बरीचशी चाल बुडीत खात्यात जाते. उलट फळा पुसताना काही पावलं फुकट पदरात पडतात. दहा हजार पावलांचं व्रतही कुणा ऋषीने सांगितलेलं नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं. त्याचं नाव 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव सुटसुटीत होतं, ते साऱ्या जगाला चिकटलं. पुढे २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत साडेसात हजारांपुढे फायदा वाढताना दिसला नाही. हा पुरावा मी मोठ्या उमेदीने मुलीपुढे ठेवला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आधी साडेसात हजार तर करा!"

२०२३च्या मे महिन्यात आम्ही उभयता लडाखला गेलो. मुलगी बारावीची परीक्षा देऊन आजीजवळ पुण्यात राहिली. आमचे दोघांचेही फोन प्रीपेड, आणि बाहेरच्या राज्यांतले प्रीपेड फोन तेव्हा लडाखमध्ये चालत नसत. विमानातून उतरल्यावर मुक्कामाच्या घरमालकाचा फोन मागून घेतला, "सुखरूप पोचलो" एवढं कळवलं आणि कर्तव्य संपलं असं मानलं.

लेह साडेअकरा हजार फुटांवर. विरळ हवेची सवय होईपर्यंत पहिला दिवस पडून काढा, अशी तिथली सक्त ताकीद. पण मास्तरणीला उंचीची काय कल्पना? ती दर तासाला मनगटावर गुरगुरून सांगे, ऊठ आणि चाल. मी पांघरूण ओढून घेई. दुसऱ्या दिवशी आम्ही नुब्राला निघालो, तर खारदुंगलाच्या खडबडीत वाटेवर गाडीत बसल्याबसल्याच तिने माझ्या नावावर शे-दोनशे पावलं जमा केली. हुंदरच्या वाळूत आम्ही मनसोक्त हिंडलो. दिस्कितच्या गोंपाच्या पायऱ्या दम खात खात चढलो. आज आपली पावलं कुणी पाहत नाही, या विचाराने पाय हलके झाले होते. खरं सांगायचं तर चालकाजवळ तिथला फोन होता. तो मागावा असं मला एकदाही वाटलं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी लेहला परतून घरी फोन लावला. पहिल्याच घंटेला मुलीने उचलला. "बाबा?" एवढंच म्हणाली आणि पुढे हुंदकाच ऐकू आला. तिच्या फोनवर तीन दिवस माझ्या नावापुढे शून्य उभं होतं. पहिल्या रात्री तिला वाटलं, विश्रांती असेल. दुसऱ्या रात्री तिने उंचीवरच्या आजारांविषयी मिळेल ते सारं वाचून काढलं. तिसऱ्या रात्रीची वेळ मी आणली नाही, एवढंच माझं पुण्य.

मग आईने फोन घेतला. "अरे, ह्यांची फिरतीची नोकरी," ती म्हणाली, "कार्ड यायला चार-चार दिवस लागत. त्या चार दिवसांत आम्ही 'कार्ड आलं नाही' एवढंच म्हणत असू. पण पोरीला यंत्राने शून्य असा आकडाच दाखवला. तिने काय समजावं?"

आईने दोष नेमका दाखवला होता. बँडला मोजायला इंटरनेट मुळीच लागत नाही. तो पावलं आपल्या पोटात साठवतो, ती ब्लूटूथने शेजारच्या फोनला देतो. त्यालाही इंटरनेट नको. इंटरनेट लागतं ते पुढे, फोनातून हा हिशेब दूरच्या घरी पोचवायला. 'चालला नाही' आणि 'कळलं नाही' या दोन अगदी निराळ्या गोष्टी. मुलीच्या पडद्यावर मात्र दोघींचं चिन्ह एकच होतं, शून्य. हे निघण्यापूर्वी सांगणं माझं काम होतं.

घरमालकाने आपल्या फोनवरून माझ्या फोनला इंटरनेट जोडून दिलं. तिकडे पुण्यात एकेक शून्य पुसलं जाऊन आकडे उमटू लागले. हुंदके थांबले. क्षणभर शांतता, आणि मग ओळखीचा आवाज आला, "बाबा! पहिल्या दिवशी फक्त सहाशे बारा?" ते रागावणं इतकं गोड मला कधी लागलं नव्हतं.

तेव्हापासून रेंज नसलेल्या मुलखात जाताना मी काही पथ्यं पाळतो. बँडची चार्जिंगची वायर आठवणीने घेतो. माझा बँड सात दिवसांचाच तपशील धरून ठेवतो, म्हणून दोन दिवसांआड फोनचं ब्लूटूथ लावून हिशेब उतरवून घेतो. वाटेत अ‍ॅपमधून बाहेर पडत नाही. पुन्हा शिरायला इंटरनेट लागतं. आणि मुख्य म्हणजे, आकडा किती दिवस थांबेल आणि फोन कोणत्या दिवशी येईल, ते घरी सांगून निघतो.

गेल्या महिन्यात एका परिसंवादासाठी परगावी निघालो, तेव्हा मुलगी दारापर्यंत आली. म्हणाली, "पावलांचं राहू द्या बाबा. पोचलात की फोन करा." पोचल्यावर स्टेशनातूनच फोन केला. मग बॅग खांद्याला लावली आणि रिक्षा न करता चालतच निघालो.