अँटिबायोटिक थांबवायचे कधी? आयसीएमआरच्या महासंचालकांना खुले पत्र

मा. महासंचालक,
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, नवी दिल्ली



महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी अतिदक्षता विभागात काम करणारा मी फिजिशियन आहे. प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे आपण सगळे जिला पीसीटी म्हणतो त्या रक्तचाचणीबद्दल लिहितो आहे. सेप्सिसच्या रुग्णाचे अँटिबायोटिक कधी थांबवायचे हे ठरवायला ही चाचणी आपल्याकडे किती उपयोगी पडते, याचा मोठा अभ्यास परिषदेने सरकारी रुग्णालयांत करावा. आणि ती कशासाठी वापरू नये, हे मात्र आजच स्पष्ट सांगावे.

आज ती चुकीच्या दिवशी होते. तापाने फणफणलेला रुग्ण दाखल झाला की पहिल्याच यादीत पीसीटी असते. आकडा मोठा आला की मेरोपेनेमसारखे तगडे अँटिबायोटिक लागते, दोन दिवसांनी पुन्हा चढला की कोलिस्टिन. पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरलेला असतो, रक्तदाब सावरलेला असतो, तेव्हा मात्र ती कोणी मागवत नाही. खरे तर तिचा उपयोग असलाच तर तेव्हाच आहे.

निरोगी माणसाच्या रक्तात प्रोकॅल्सिटोनिन जवळजवळ नसते. जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाला की थायरॉइडच नव्हे, शरीरातल्या इतर अनेक ऊतीही ते सोडू लागतात. काही तासांत ते चढते आणि संसर्ग आटोक्यात आला की साधारण दिवसागणिक निम्मे होत जाते. ही उतरण कामाची. चढलेला आकडा एकट्याने फार काही सांगत नाही, कारण मोठी शस्त्रक्रिया, भाजणे, मूत्रपिंड निकामी होणे यांतही तो चढतो. डेन्मार्कमध्ये १,२०० रुग्णांवर नेमके हेच करून पाहिले होते: पीसीटी वाढली की उपचार वाढवायचे. २०११ साली निष्कर्ष आले. जीव जास्त वाचले नाहीत, अतिदक्षता विभागातला मुक्काम मात्र लांबला. सेप्सिसवरच्या २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही अँटिबायोटिक सुरू करण्याचा निर्णय पीसीटीवर सोपवू नका असे सुचवले आहे. शॉकमध्ये गेलेल्या रुग्णाला तासाभरात औषध मिळायला हवे. तिथे रिपोर्टची वाट पाहणे धोक्याचे आहे.

थांबवण्याच्या बाजूचा पुरावा वेगळा आहे. नेदरलँड्समध्ये दीड हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात पीसीटी ८० टक्के उतरली किंवा ०.५ पर्यंत आली की अँटिबायोटिक बंद करण्याचा सल्ला दिला जाई. उपचाराचे दिवस सातांवरून पाचांवर आले आणि मृत्यूही कमी झाले. ब्रिटनमधला अडॅप्ट-सेप्सिस हा अभ्यास डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ४१ अतिदक्षता विभाग, २,७६० रुग्ण. रोज रक्त तपासायचे, पण डॉक्टरला आकडा सांगायचा नाही, फक्त सल्ला द्यायचा. पीसीटीच्या गटात अँटिबायोटिकचे सरासरी दिवस १०.७ वरून ९.८ झाले. स्वस्त आणि गावोगाव मिळणाऱ्या सीआरपी या रक्तचाचणीने मात्र दिवसांत काहीच फरक पडला नाही.

म्हणजे पीसीटीने वाचला तो एका दिवसाहूनही कमी. आणि २८ दिवसांतले मृत्यू नेहमीच्या उपचारांत १९.४ टक्के, तर पीसीटी गटात २०.९ टक्के. मृत्यूंतली वाढ किती चालेल याची ५.४ टक्क्यांची मर्यादा संशोधकांनी आधीच ठरवली होती. हिशेबातल्या अनिश्चिततेचे वरचे टोक ५.३२ वर, म्हणजे तिच्या अगदी काठावर थांबले. संख्याशास्त्राच्या भाषेत ही पद्धत नेहमीच्या उपचारांहून घातक नाही असे ठरले. पण अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेल्या मुलाला मी हे सांगायचे, तर मला आणखी भक्कम पुरावा हवा, आणि तो आपल्या रुग्णांवरचा हवा.

आपले रुग्ण वेगळे आहेत. कोकणात लेप्टो, विदर्भात स्क्रब टायफस, आणि मलेरिया. या आजारांतही पीसीटी चढू शकते. शिवाय आमच्याकडे येणारा रुग्ण बहुधा बाहेर दोन-तीन अँटिबायोटिक घेऊन आलेला असतो. कल्चरमध्ये काही उगवत नाही. जंतू कोणता ते कळले नाही की औषध बंद करायला कोणाचा हात धजत नाही, आणि चौदा दिवस पुरे होईपर्यंत सलाइन चालू राहते. उतरत्या पीसीटीची मदत झाली तर अशाच रुग्णांत व्हावी असे मला वाटते, पण केवळ वाटण्यावर औषध थांबवता येत नाही.

परिषदेच्या अभ्यासात पीसीटी आणि नेहमीचे उपचार यांशिवाय तिसरा गटही ठेवा. २०२४ मध्येच बॅलन्स या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने ३,६०० हून अधिक रुग्णांत दाखवले की रक्तातल्या जिवाणूसंसर्गाला सात दिवसांचे अँटिबायोटिक चौदा दिवसांइतकेच चालते. ९० दिवसांतले मृत्यू १४.५ विरुद्ध १६.१ टक्के. स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे काही संसर्ग त्यातून वगळले होते, हे खरे. तरीही, सातव्या दिवशी वरिष्ठ डॉक्टरने फाइल उघडून ‘थांबवायचे का?’ एवढे विचारले तर पीसीटीइतकाच फायदा होतो का, हे कळायला हवे. होत असेल, तर हजार-दोन हजार रुपयांची चाचणी दर एक-दोन दिवसांनी रुग्णाच्या माथी कशाला मारायची? माझा स्वतःचा कल या साध्या उपायाकडे आहे.

परिषदेचे अँटिबायोटिक प्रतिरोधावरचे देखरेख जाळे २०१३ पासून चालू आहे. अतिदक्षता विभागातल्या अॅसिनेटोबॅक्टरच्या बहुतांश नमुन्यांवर कार्बापेनेम चालत नाही, हे आम्हाला आपल्याच अहवालांतून कळते. औषधे कुठे हरली ते आपण दरवर्षी सांगता. ती कुठे विनाकारण खर्ची पडतात, किती दिवस पडतात, हेही मोजावे.

केंद्रे निवडताना फक्त मोठ्या शहरांतल्या संस्था घेऊ नका. तिथे संसर्गतज्ज्ञ असतो, रात्री कल्चर लागते, औषधविक्रेत्याचा दबावही कमी असतो. जिल्हा रुग्णालये घ्या, नव्याने सुरू झालेली वैद्यकीय महाविद्यालये घ्या. चाचणीचा खर्च अभ्यासातून करा, नातेवाइकांच्या खिशातून नको. आमच्यासारखे विभाग रुग्णांच्या नोंदी ठेवायला आणि निकाल विरोधात गेला तर आपली पद्धत बदलायला तयार आहेत.

आपला,
अतिदक्षता विभागात काम करणारा एक फिजिशियन