परदेशातली मोटरहोम सहल : विम्याच्या फॉर्मवर शुगर-बीपी लपवू नका



मागच्या उन्हाळ्यात माझे जुने पेशंट असलेले एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. वय ६८. बारा वर्षांपासून शुगर, आठ वर्षांपासून बीपी. दोन्ही गोळ्यांवर चांगलं आटोक्यात. मुलगा अमेरिकेत नोकरीला. गुरुजी खुशीत होते.

"डॉक्टर, पोरानं दहा दिवसांसाठी मोटरहोम बुक केलंय. गाडीतच झोपायचं, गाडीतच स्वयंपाक. यलोस्टोन दाखवतो म्हणतोय. तेवढं विम्यासाठी सर्टिफिकेट द्या, अन् त्यात शुगरचं काही लिहू नका. एजंट म्हणला, लिहिलं की प्रीमियम वाढतो."

मी नाही म्हणालो. खोटं सर्टिफिकेट देणं हा डॉक्टरच्या आचारसंहितेचा भंग आहे, हे एक कारण. पण खरं कारण त्याहून मोठं आहे. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळीतली कितीतरी मुलं आज परदेशात आहेत, आणि त्यांचे आई-वडील दरवर्षी तिकडे जातात. हाच आग्रह मी वर्षातून बऱ्याचदा ऐकतो. म्हणून हा लेख.

खोटं कुठे पकडलं जातं?

लोकांना वाटतं, बीडमधली शुगर अमेरिकेत कोणाला कळणार? कळते, कारण तुम्ही स्वतःच सांगता. छातीत दुखायला लागल्यावर इमर्जन्सीमधला डॉक्टर विचारतो, "आधीचे काही आजार? रोजची औषधं?" तिथे तुम्ही खरं सांगता आणि सांगायलाच हवं. ते केसपेपरवर लिहिलं जातं. क्लेम आला की विमा कंपनी तोच केसपेपर मागवते. फॉर्मवर 'नाही' आणि केसपेपरवर 'बारा वर्षांपासून' असं दिसलं की क्लेम नामंजूर करायला कंपनीला दुसरं कारण शोधावं लागत नाही.

याहून वाईट प्रकार मी पाहिला आहे. माझ्या एक पेशंट मुलीकडे परदेशी गेल्या होत्या. शुगरसाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू. फॉर्मवर आजार 'नाही' असा भरलेला. प्रवासात जेवण चुकलं, शुगर खाली गेली, बाई बेशुद्ध झाल्या. हॉस्पिटलमध्ये मुलीला विचारलं तेव्हा क्लेमच्या भीतीने ती म्हणाली, रोजची काही औषधं नाहीत. ग्लुकोज दिलं, बाई शुद्धीवर आल्या, आणि घरच्यांनी आग्रह करून त्यांना परत नेलं. पण ग्लिमेपिराइडचा परिणाम बराच वेळ टिकतो. ही गोळी घेणाऱ्याची शुगर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा पडू शकते, म्हणून अशा पेशंटला निगराणीखाली ठेवावं लागतं. त्याच रात्री त्या पुन्हा बेशुद्ध झाल्या. दुसऱ्या वेळी मुलीने सगळं सांगितलं. बाई वाचल्या. क्लेम मात्र नामंजूर झाला आणि बिल हप्त्यांनी फेडावं लागलं.

विम्यासाठी बोललेलं खोटं शेवटी उपचार करणाऱ्या डॉक्टरसमोरही बोलावं लागतं. तिथे जिवाशी गाठ असते. माझा सगळा आक्षेप इथे आहे.

गाडीचा विमा वेगळा, तुमचा विमा वेगळा

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. अमेरिकेत त्याला आरव्ही म्हणतात, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये कॅम्परव्हॅन. गाडी भाड्याने घेताना मुलं विम्याचा एक पर्याय निवडतात आणि आई-वडिलांना सांगतात, "फुल इन्शुरन्स घेतलाय, काळजी नको." तो मुख्यतः गाडीच्या नुकसानीचा आणि दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा असतो. तुम्हाला हार्ट अटॅक आला, न्यूमोनिया झाला, तर त्याचा काही उपयोग नाही.

गाडीच्या विम्यातही दोन गोष्टी विचारा. करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली तर बहुतेक ठिकाणी विमा लागू होत नाही. "थोडा वेळ मी घेतो स्टिअरिंग" हा मोह टाळा. आणि गाडीचं छप्पर किंवा तळ घासला, कच्च्या रस्त्यावर नुकसान झालं, तर अनेक करारांत ते वगळलेलं असतं.

आपल्याकडचा मेडिक्लेम बहुधा भारतापुरताच असतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड तर परदेशात अजिबात चालत नाही. सत्तरीवरच्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळू लागल्यापासून "आमच्याकडे पाच लाखांचं कार्ड आहे की" असं काही जण म्हणतात. ते विमानतळाच्या अलीकडे.

पॉलिसी घेताना काय विचाराल?

१. कोणत्या देशांत चालते? आपल्याकडे 'अमेरिका-कॅनडा वगळून' अशा स्वस्त पॉलिसी मिळतात. अमेरिकेतून गाडीने कॅनडात शिरणार असाल, किंवा युरोपात फिरताना इंग्लंडला जाणार असाल, तर प्रत्येक देश पॉलिसीत आहे का ते पाहा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचं कव्हर सक्तीचं आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला विमा सक्तीचा नाही, म्हणून लोक तो टाळतात. नेमका तिथेच उपचार सर्वांत महाग.

२. ठरावीक रक्कम की एकूण खर्च? काही पॉलिसी प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम देतात : खाटेचे इतके, तपासणीचे इतके. वरचं सगळं तुमच्या खिशातून. दुसऱ्या प्रकारात सुरुवातीची ठरलेली रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, तुम्ही भरता आणि त्यानंतरच्या खर्चाचा मोठा हिस्सा कंपनी देते. माझं मत स्पष्ट आहे : अमेरिकेसाठी दुसरा प्रकार घ्या, आणि कव्हर एक लाख डॉलरच्या खाली नको. ५० हजार डॉलर ऐकायला मोठे वाटतात, पण हार्ट अटॅकच्या एका अॅडमिशनमध्ये ते संपू शकतात.

३. आधीच्या आजाराचं काय? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. अनेक पॉलिसी जुन्या आजाराची नेहमीची तपासणी किंवा औषधं देत नाहीत, पण त्या आजारामुळे अचानक, अनपेक्षित आणि जिवावर बेतणारा प्रसंग आला तर ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च देतात. ही मर्यादा किती आणि कोणत्या वयापर्यंत, ते लेखी घ्या. सत्तरीनंतर ती बऱ्याचदा खूप कमी होते.

४. आजार किती महिने स्थिर हवा? कॅनडातल्या काही पॉलिसींत अशी अट असते की प्रवासापूर्वी काही महिने औषध किंवा डोस बदललेला नसावा. म्हणून डॉक्टरकडे निघायच्या आठवड्यात येऊ नका. तीन-चार महिने आधी या. बदल करायचा तर तेव्हाच करू.

५. हॉस्पिटलपर्यंत कोण नेणार? मुलाच्या घरी राहताना हॉस्पिटल पाच-दहा मिनिटांवर असतं. मोटरहोम मात्र जंगलात, डोंगरात मुक्काम करतं. तिथून हेलिकॉप्टरने न्यावं लागलं तर बिल हजारो डॉलरमध्ये जातं. रुग्णाला हलवण्याचा खर्च आणि, बोलायला जड आहे पण बोलावं लागतं, पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च पॉलिसीत आहे का ते पाहा.

अमेरिकेत १९८६ च्या कायद्यामुळे बहुतेक सगळ्या हॉस्पिटलांच्या इमर्जन्सी विभागाला पैसे असोत-नसोत रुग्ण तपासावा लागतो आणि त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. पण त्यानंतर बिल येतंच. न्यूझीलंडमध्ये अपघाताने झालेल्या इजेवरच्या उपचारांना तिथली सरकारी एसीसी योजना पर्यटकांनाही मदत करते. आजारपणाला नाही.

विमा झाला, आता शरीर

यलोस्टोनचा बहुतेक भाग साडेसात हजार फुटांच्या वर आहे. आपलं कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. म्हणजे तुम्ही झोपणार ते कळसूबाईच्या माथ्याहून उंच. हृदय आणि फुप्फुसाच्या पेशंटना तिथे दम लागू शकतो. पहिले एक-दोन दिवस धावपळ नको.

इन्शुलिन घेणाऱ्यांनी गाडीच्या छोट्या फ्रीजवर डोळा ठेवा. बर्फाच्या कप्प्याला चिकटलेलं इन्शुलिन गोठतं आणि गोठलेलं इन्शुलिन निकामी होतं, पुन्हा वितळलं तरी. उन्हात बंद गाडीत ठेवलेलंही तसंच. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाय मोकळे करा, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. थंडी वाजते म्हणून गॅसची शेगडी पेटवून बंद गाडीत झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीतला त्याचा अलार्म चालू आहे का, हे पहिल्याच दिवशी मुलाला तपासायला सांगा.

आणि एक कागद खिशात ठेवा. त्यावर तुमचे आजार, औषधांची मूळ नावं (ब्रँडची नव्हे, ती तिकडे कोणी ओळखत नाही), डोस, अॅलर्जी, पॉलिसी नंबर आणि विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा फोन. तातडीचा नंबर अमेरिका-कॅनडात ९११, युरोपात ११२, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११. हा कागद मी माझ्या पेशंटना टाइप करून, सही-शिक्क्यानिशी देतो. तुमचे डॉक्टरही देतील. मागा.

गुरुजींचं काय झालं?

गुरुजी त्या दिवशी थोडे नाराज होऊन गेले. चार दिवसांनी मुलाचा फोन आला. त्याला हे सगळं पुन्हा सांगितलं. त्याने शुगर-बीपी दोन्ही लिहून पॉलिसी घेतली. प्रीमियम वाढला, पण गुरुजींच्या भीतीएवढा नाही. विमानाच्या तिकिटापुढे ती वाढ किरकोळच होती.

दोन महिन्यांनी गुरुजी परत आले. गरम पाण्याचे फवारे, रानगवे, सगळे फोटो दाखवून झाले. उठता उठता म्हणाले, "डॉक्टर, तेवढे विम्याचे पैसे मात्र वाया गेले बघा. साधी सर्दीसुद्धा झाली नाही."

मी म्हणालो, "गुरुजी, दरवर्षी असेच वाया जाऊ द्या."