पोपटीचा मान

ज्या गागोदे बुद्रुक येथे 11 सप्टेंबर 1895 रोजी अहिंसेचे पुरस्कर्ते विनोबा भावे यांचा जन्म झाला, त्या पेण तालुक्यातील गावाचे नाव घेऊन भाजलेल्या मांसाची शिफारस करणे काहींस अप्रशस्त वाटेल. परंतु रायगड जिल्ह्याची पोपटी ही मूलतः वालाच्या शेंगांची, कोंबडी व अंडी हा तिचा केवळ ऐच्छिक लवाजमा होय. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर पोसलेल्या शेंगा, जाडे मीठ, ओवा आणि तळाशी व तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला असा बंदोबस्त केलेले मडके शेतात उपडे ठेवून त्याभोवती जाळ केला, की तेलापाण्याचा थेंबही न घालता शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात, आणि पाल्याचा तो उग्र गंध दाण्यादाण्यात उतरतो. शहरांतील बार्बेक्यूच्या उपाहारगृहांत मेजावरच शेगडी मांडून सळईवरचे तुकडे हवे तितके वाढतात. तेथील मसाला उत्तम, हे कबूल. पण तो मसाला वजा केल्यास बाकी काय उरते, हा सवाल आहे. महामार्गालगतच्या खानावळवाल्यांनी हिवाळ्यापुरती तरी ताज्या शेंगांची, मडक्यातलीच पोपटी द्यावी. कुकरात उकडलेल्या शेंगांस ते नाव लावू नये.