टाचणी आणि मोडेम

कोरपन्यात ज्या घरी अजून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून डीएसएल इंटरनेट येते, तेथे ते बंद पडताच मुले मोडेमच्या मागील छिद्रात टाचणी खुपसतात, हे आम्हांस मुळीच पसंत नाही. तिने दोष जात नाही. उलट आत भरलेले वापरनाव व परवलीचा शब्द पुसले जातात, आणि परीक्षेचा अर्ज भरावयाचा राहतो. (टेलिफोन केंद्रच ५ किलोमीटरहून दूर असल्यास टाचणी काय करणार?) आधी डीएसएलचा दिवा पाहावा. तो लुकलुकतच राहिला, तर दोष बहुधा तारेचा. टेलिफोन कानास लावून खरखर ऐकावी, कारण पावसाळ्यात तारेच्या सांध्यांत ओल शिरते. दिवा स्थिर असेल, तर संगणक केबलने मोडेमास जोडावा. तसे चालल्यास दोष वायफायचा. मोडेम लोखंडी कपाटामागून काढून मोकळ्या जागी ठेवावा. तक्रार करतानाही ‘नेट चालत नाही’ असे मोघम न सांगता दिव्याची स्थिती सांगावी.